नावाआधी टक्केवारी वाचावी असे औषध

सॅलिसिलिक ॲसिड फेसवॉशमध्येही असते आणि पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्टीतही. त्यामुळे त्याचे काम समजून घ्यायचे तर वेष्टनावरील नावाआधी टक्केवारी वाचावी लागते. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील मृत पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे दुवे हे ॲसिड सैल करते आणि साचलेला थर सुटून येतो. या गुणाला वैद्यकात केराटोलायटिक, म्हणजे कठीण त्वचा सोडवणारा, असे म्हणतात.

ते तेलात मिसळणारे असल्याने तेलकट रंध्रांतही शिरते, म्हणूनच तेल आणि मृत पेशी अडकून झालेल्या ब्लॅकहेडवर व किरकोळ मुरुमांवर 0.5 ते 2 टक्क्यांची द्रावणे वापरली जातात. खोल, दुखऱ्या गाठींवर मात्र त्याचा फारसा इलाज चालत नाही, आणि क्षणभरात धुऊन टाकलेल्या फेसवॉशकडून जाहिरातीएवढी अपेक्षा ठेवणेही व्यर्थच. कोंड्यासाठीच्या शाम्पूत ते असते. सोरायसिसचे खवले उतरवून दुसऱ्या औषधाला वाट करून देण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. गजकर्णावरील जुन्या व्हिटफील्ड मलमात ते 3 टक्के असून जोडीला 6 टक्के बेन्झोइक ॲसिड असते.

कुरुपासाठी हेच प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत जाते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये मधोमध औषधाची चकती आणि भोवती दाब झेलणारे मऊ कडे असते. पट्टी काढल्यावर घट्टा पांढरा, भिजल्यासारखा दिसतो, तेव्हा पाय कोमट पाण्यात बुडवून तो वजरीने हलक्या हाताने घासायचा असतो. ज्या चपलेच्या दाबाने कुरूप झाले ती बदलली नाही तर ते पुन्हा होते, हे वेगळे सांगायला नको. चामखीळ विषाणूमुळे होते, म्हणून साधारण 17 टक्क्यांचे द्रावण कित्येक आठवडे नेमाने लावावे लागते आणि भोवतालच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलिनचा थर द्यावा लागतो. तीळ किंवा जन्मखूण यांवर ते कधीही लावू नये.

मधुमेहामुळे पायाची संवेदना व रक्तपुरवठा कमी झालेल्यांनी कॉर्न कॅप परस्पर लावू नये, कारण झालेली जखम त्यांना जाणवत नाही आणि लवकर भरतही नाही. ॲस्पिरिन हे याच कुळातले औषध असल्याने त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अंगाच्या मोठ्या भागावर, विशेषतः लहान मुलांना, हे मलम चोपडल्यास ते रक्तात उतरून मळमळ होते, कानांत आवाज येऊ लागतो आणि श्वासाची गती वाढते.