हसण्यावारी नेलेली माणसे

हिंदी चित्रपटात दोन मित्रांनी एकमेकांसाठी जीव टाकावा, गळ्यात पडून रडावे, एकाच मोटारसायकलवर बसून गाणे म्हणावे, याचे आपल्याला कधी काही वाटले नाही. 'दोस्ती', 'नमक हराम', 'शोले' हे चित्रपट आपण आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी मिळून पाहिले. नात्याला 'मैत्री' म्हटले की काम भागते. अडचण होते ती त्याला दुसरे नाव द्यायची वेळ आली की. मग पडद्यावर भडक कपडे घातलेला, माना वेळावणारा, लाडेलाडे बोलणारा एक माणूस येतो आणि थिएटरात हशा पिकतो. १९९१ च्या 'मस्त कलंदर'मधला अनुपम खेर यांचा पिंकू आठवतो? नसेल आठवत तर फारसे बिघडले नाही, माणूस म्हणून लक्षात राहावा अशा बेताने तो लिहिलेलाच नव्हता. पण त्याची भावंडे पुढे पंधरा-वीस वर्षे हिंदी पडद्यावर ये-जा करीत राहिली.

समलिंगी माणसांवरचे चित्रपट मी गेली बरीच वर्षे मिळतील तिथे पाहत आलो आहे. आधी फिल्म सोसायटीत, मग टॉकीजमध्ये, आणि आता घरच्या टीव्हीवर. त्यांतले काही जीव लावून गेले, काहींनी पार निराशा केली. चांगल्या-वाईटाची माझी कसोटी समीक्षकाची नाही, प्रापंचिकाची आहे. त्या माणसाला चित्रपटात घर आहे का? म्हणजे सकाळी उठून चहा टाकायला जागा, महिन्याचे भाडे, नोकरी, कुणाची तरी वाट पाहणे, आईची काळजी, हे सारे त्याच्या वाट्याला आले आहे का? की तो दुसऱ्याच्या गोष्टीत एक विनोद, एक रोग किंवा एक धडा म्हणून डोकावून जातो?

मराठीत या विषयाला हात घातला तो विजय तेंडुलकरांनी. 'मित्राची गोष्ट' हे त्यांचे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले, रोहिणी हट्टंगडी त्यात मित्रा होत्या. पुढच्याच वर्षी डॉ. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला, त्याची पटकथाही तेंडुलकरांचीच. 'उंबरठा'ची गाणी आज चाळीस वर्षांनंतरही घराघरांत गुणगुणली जातात, पण त्यात सुलभा महाजनच्या आश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग आहे, हे किती जणांना आठवते? मी विचारून पाहिले आहे. बहुतेकांना स्मिता पाटील आठवते, लताबाई आठवतात आणि त्या दोघी आठवत नाहीत. प्रसंग त्या काळच्या समजुतीप्रमाणे आश्रमापुढचा एक 'प्रश्न' म्हणूनच येतो. तरीही एका लोकप्रिय मराठी चित्रपटाने तो टाळला नाही, ही गोष्ट लहान नव्हे. रवी जाधव यांनी 'मित्रा' पुन्हा पडद्यावर आणली ती थेट २०१५ साली, 'बायोस्कोप'मधल्या एका कृष्णधवल लघुपटात. मधली तीस-बत्तीस वर्षे मराठी चित्रपटाने या बाबतीत जवळजवळ मौनच पाळले.

दीपा मेहतांचा 'फायर' मला अर्धा आवडतो. तो १९९६ साली तयार झाला आणि आपल्याकडे लागला नोव्हेंबर १९९८ मध्ये. दिल्लीतले एकत्र कुटुंब, घरचाच खाद्यपदार्थांचा आणि व्हिडिओ कॅसेटचा धंदा. पक्षाघाताने वाचा गेलेली सासू हातातली घंटा वाजवून सुनांना बोलावते. ती घंटा ज्याने ऐकली, त्याला त्या घरातला कोंडमारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. थोरला भाऊ स्वामींच्या नादाने ब्रह्मचर्य पाळतो, धाकट्याचे बाहेर प्रकरण आहे, आणि राधा व सीता या दोन जावा एकमेकींच्या जवळ येतात. शबाना आझमींचा चेहरा या चित्रपटात हळूहळू उजळत जातो, तो पाहण्यासारखा आहे. खटकते ते असे, की दोन्ही नवरे इतके नालायक दाखवले आहेत की, त्यांनी बायकांकडे नीट लक्ष दिले असते तर हे घडलेच नसते, असा समज व्हावा. म्हणजे प्रेम कुणाचे तरी दुर्लक्ष झाले म्हणून भरपाईदाखल मिळते की काय? पुढच्या कित्येक चित्रपटांनी नेमकी हीच पळवाट धरली.

त्या चित्रपटाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९९८ च्या पहिल्या आठवड्यात शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत आणि दिल्लीत थिएटरांवर हल्ले केले, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. सेन्सॉर बोर्डाने आधीच संमत केलेला चित्रपट पुन्हा तपासायला गेला आणि पुन्हा संमत झाला. त्याच दिवसांत दिल्लीत रीगल टॉकीजबाहेर मेणबत्त्या घेऊन काही स्त्रिया उभ्या राहिल्या आणि 'आम्ही याच देशातल्या आहोत' अशा अर्थाचे फलक त्यांनी धरले. मला वाटते, 'फायर'ची खरी कमाई पडद्यावर नव्हे, तर त्या फुटपाथवर झाली.

कायद्याच्या भीतीत जगणे म्हणजे काय, हे मला प्रथम दाखवले ते एका जुन्या इंग्रजी चित्रपटाने. 'व्हिक्टिम', साल १९६१, दिग्दर्शक बेसिल डिअरडन. डर्क बोगार्ड एका नावाजलेल्या बॅरिस्टरच्या भूमिकेत आहेत. काही जणांना त्यांच्या समलिंगी संबंधांवरून धमकावून पैसे उकळणारी टोळी, आणि तिला उघडे पाडायचे तर स्वतःची अब्रू आणि वकिली पणाला लावावी लागणार, असा पेच. खरे तर ही सरळसोट रहस्यकथा आहे. पण त्यातले केशकर्तनालयवाले, पुस्तकविक्रेते, कारकून अशी साधी माणसे पाहिली की कळते, ब्लॅकमेल करणाऱ्याचे भांडवल कायदाच पुरवत होता. इंग्लंडने तो कायदा १९६७ साली सैल केला. आपल्याला त्याच इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत दिलेले ३७७ कलम मात्र आपण जपून ठेवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी त्याची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये ती परत लावली, आणि सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम गेले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

या तारखा सांगायचे कारण पुढे येईलच. त्याआधी निराशेचा एक हिशेब चुकता करतो. 'फिलाडेल्फिया' (१९९३) या चित्रपटाचे नाव काढले की लोक आदराने बोलू लागतात. टॉम हँक्स यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते. एड्स झाल्यामुळे नोकरीवरून काढलेला वकील मारिया कॅलसचे गाणे ऐकताना स्वतःशीच बोलत राहतो, तो प्रसंग अजून अंगावर येतो. पण त्याचा जोडीदार? अँटोनिओ बँडेरास बिचारा बाटल्या आणि औषधे सांभाळत मागे उभा. न्यायालयाला जितकी जागा मिळाली, तिचा चौथा हिस्साही त्या दोघांच्या घराला मिळाला नाही. त्याच्याशेजारी अँग ली यांचा 'ब्रोकबॅक माउंटन' (२००५) ठेवून पाहावा. दोन गुराखी, दोन संसार, वीस वर्षांची चोरटी भेट, आणि शेवटी कपाटात एका हँगरवर एकात एक घातलेले दोन शर्ट. एवढेच काय ते त्यांचे घर.

एड्सवरूनच आपला 'माय ब्रदर निखिल' आठवतो. ओनिर यांचा हा चित्रपट २००५ साली आला आणि तो घडतो गोव्यात. संजय सुरीचा निखिल राज्याचा जलतरणपटू आहे. रोगाचे निदान होते आणि ज्या तलावाने त्याला नाव दिले त्याच तलावात तो उतरताच इतर जण भराभर बाहेर पडतात. पाणी तेच, माणूस तोच. वडील दार लावून घेतात, आईला बोलता येत नाही. सोबत राहतात ती बहीण आणि नायजेल नावाचा मित्र. जुही चावलाने ती बहीण फार समजून केली आहे. ती भावाला 'समजून घेते' असे भाषणातून कुठे सांगत नाही, त्याच्यासाठी धावपळ करते, बस. या कथेमागे डॉमिनिक डिसूझा यांचे आयुष्य आहे. १९८९ साली रक्तदानानंतर त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचे उघड झाले आणि गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्याखाली त्यांना पोलिसांकरवी नेऊन म्हापशाजवळ क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकट्याला कोंडले गेले. ते १९९२ साली गेले. चित्रपट संथ आहे, बजेट बेताचे असल्याचे जागोजागी दिसते, पण ज्यांच्या घरात भाऊ-बहीण आहेत त्यांनी तो जरूर पाहावा.

उलट टोकाला 'गर्लफ्रेंड' (२००४). त्यातली समलिंगी मुलगी विकृत, हिंसक आणि पुरुषद्वेष्टी. तिच्या वागण्याला बालपणीच्या अत्याचाराचे कारण जोडलेले, आणि शेवटी तिचा मृत्यू, म्हणजे प्रेक्षक निर्धास्त घरी जायला मोकळे. गंमत अशी की यालाही संस्कृतिरक्षकांनी विरोध केला. ज्या चित्रपटाने त्यांचेच म्हणणे अडीच तास मांडले, त्याच्यावरच दगड!

'कल हो ना हो' (२००३) मधली कांताबेन आणि 'दोस्ताना' (२००८) यांच्याविषयी मात्र माझे मत इतके सरळ नाही. 'दोस्ताना'त मायामीतला फ्लॅट भाड्याने मिळावा म्हणून दोन तरुण समलिंगी असल्याचे नाटक करतात. म्हणजे घर मिळवण्यासाठीचे ढोंग! आपल्याकडे खऱ्या जोडप्यांना मित्र, भाऊ, सहकारी असल्याचे ढोंग करून घर शोधावे लागले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्यातली विसंगती बोचेल. पण किरण खेर यांची पंजाबी आई आधी छाती बडवून मग जॉन अब्राहमला सून मानून घरात घेते, तेव्हा शेजारच्या खुर्च्यांवरच्या आया हसत होत्या आणि त्या हसण्यात द्वेष नव्हता. विषय घरात आला तो असा, मागच्या दाराने. आला हे खरे. फक्त पुढे कितीतरी वर्षे आपल्या मुलांनी शाळेत कुणाला चिडवायचे झाले तर याच चित्रपटांतले शब्द वापरले, हेही खरे.

आता 'अलिगढ'. हंसल मेहता यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०१६ मध्ये लागला आणि मराठी वाचकाने तो पाहिला नसेल तर मला खरोखर आश्चर्य वाटेल. कारण यातले प्रा. रामचंद्र सिरस आपले होते. नागपूरहून गेलेले, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे, कवी. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरा घेऊन माणसे घुसली आणि घरातले एकांताचे क्षण चित्रित करून घेऊन गेली. निलंबन झाले ते त्यांचे! दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागून जेमतेम सात महिने झाले होते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा कसलाच नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबन स्थगित केले. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

मनोज बाजपेयी यांनी सिरस उभे केले आहेत ते एकही मोठा आवाज न काढता. संध्याकाळी एकटे बसून, हातात ग्लास, टेपवर 'अनपढ'मधले लताबाईंचे गाणे, डोळे मिटलेले, मध्येच थोडे बेसूर गुणगुणणे. कॅमेरा हलत नाही. आपणही हलत नाही. कोर्टात वकील त्यांच्याविषयी तावातावाने बोलत असताना हे गृहस्थ स्वतःच्या कवितांचा अनुवाद करीत बसतात. आणि तरुण पत्रकार 'गे' हा शब्द वापरतो तेव्हा, आपली भावना तीन अक्षरांत कशी मावेल, असे त्यांना वाटते. ही तक्रार कवीची आहे, चळवळीतल्या कार्यकर्त्याची नव्हे, आणि म्हणून ती मला फार मोलाची वाटते. एक रुखरुख आहे: मराठीचा प्राध्यापक, पण मराठी कानावर पडते ती फार थोडी. बाकी या चित्रपटातला खलनायक कोण, हे शोधू गेलो तर सापडतात ते सहकारी, शेजारी, वीज तोडणारे, घर रिकामे करायला सांगणारे. सगळी सुशिक्षित माणसे.

मराठीने या सगळ्याची परतफेड केली ती रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे थिएटरात आला. मुंबईत कॉल सेंटरवर काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. सुतकातले घर आपल्याला परके नाही. कोण कुठे बसेल, काय खायचे, काय नाही, आणि या सगळ्यात एकच सूर: वय झाले, आता लग्न कर. दुःखाच्या घरीसुद्धा स्थळे सुचवणारे नातेवाईक पाहून थिएटरात ओळखीचे हसू फुटले. गावात बाळ्या आहे, लहानपणचा मित्र, शेतीभाती करणारा, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. तो आनंदला साबर बोंडं आणून देतो, निवडुंगाची ती लालबुंद, काटेरी फळे. एवढीच त्यांची प्रेमाची भाषा.

पण माझ्या मनात राहिली ती आई. तिला मुलाचे सगळे ठाऊक आहे. ती त्यावर भाषण देत नाही, रडून गोंधळ घालत नाही. नातेवाइकांनी लग्नाचा विषय काढला की त्यांना परस्पर वाटेला लावते. जयश्री जगताप यांनी ही बाई अशी केली आहे की, आपल्या गल्लीतच कुठे तरी राहत असावी असे वाटते. 'अलिगढ'च्या सिरसांना अशी एखादी व्यक्ती मिळती तर, हा विचार मला तो चित्रपट पाहताना सोडत नव्हता.

हर्षवर्धन कुलकर्णी यांचा 'बधाई दो' (२०२२) हाही माझ्या आवडत्यांतला. एक पोलीस आणि एक शिक्षिका घरच्यांचा ससेमिरा चुकवायला एकमेकांशी नावापुरते लग्न करतात आणि मग सासर-माहेर दोन्ही डोक्यावर येऊन बसतात. अशी लग्ने आपल्या आसपास होत आली आहेत, पुष्कळदा तर जोडीदाराला न सांगता. तिथे हसण्यासारखे काही नसते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा मला पहिल्यांदा या चित्रपटातली ती चार माणसे आठवली.

घरात वडीलधारी मंडळी असतील आणि सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल, तर 'बधाई दो'पासूनच करावी. 'अलिगढ' नंतर, एखाद्या निवांत रात्री. आणि 'साबर बोंडं' रविवारी दुपारी स्वयंपाकाच्या गडबडीत लावू नये. त्याला पार्श्वसंगीत नाही. कुकरची शिट्टी झाली तर आईचे नेमके तेच वाक्य हुकायचे.