नाव एक, वंश अनेक

सिस्टिक फायब्रोसिसच्या जुन्या रुग्णाची थुंकी प्रयोगशाळेतल्या बशीवर पसरून उबेत ठेवली, की एक-दोन दिवसांत तिच्यावर जिवाणूंचे ठिपके उमटतात. काही हिरवट, काही बुळबुळीत नि ओघळणारे, काहींवर धातूसारखी चकाकी, तर काही टाचणीच्या टोकाएवढे. पाहणाऱ्याला वाटावे, चार निरनिराळ्या जाती आहेत. प्रत्यक्षात सगळे स्यूडोमोनास एरुजिनोसाच असतात आणि बहुधा एकाच पूर्वजाचे वंशज.

हा जिवाणू एरवी माती-पाण्यात, न्हाणीघराच्या मोरीतही राहतो. धडधाकट माणसाची फुप्फुसे त्याला सहज बाहेर काढतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मात्र सीएफटीआर या जनुकातल्या दोषामुळे श्वासनलिकांतला कफ घट्ट होऊन साचतो. हे जनुक 1989 साली सापडले. या साचलेल्या कफात स्यूडोमोनासला वर्षानुवर्षांचा आसरा मिळतो.

तिथे तो बदलतो कसा, हे सिएटलच्या संशोधकांनी 2006 साली दाखवले. एका रुग्णाच्या वयाच्या सहाव्या महिन्यात आणि आठव्या वर्षी मिळालेले जिवाणू त्यांनी ताडून पाहिले. मधल्या काळात जिवाणूच्या जनुकसंचात 68 बदल झाले होते. गंमत म्हणजे, ज्या जनुकांच्या जोरावर तो सुरुवातीला हल्ला चढवतो, त्यांतलीच अनेक निकामी झाली होती. विष टोचणारी यंत्रणा, हालचालीची साधने, सोबत्यांचे रासायनिक निरोप ओळखणारा लासआर हा नियंत्रक, हे सगळे दीर्घ मुक्कामात खर्चाचे ठरते. शिवाय ही हत्यारे आपल्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरतात. ती टाकणारा तगतो. दुसरीकडे, म्यूकए जनुक बिघडले की जिवाणू अल्जिनेटचा चिकट लेप भरमसाट तयार करतो. वरचे ओघळणारे ठिपके त्याचेच.

काही वंशांत तर डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारे जनुकच बिघडते आणि बदलांचा वेग कैक पटींनी वाढतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या एका अभ्यासात 30 पैकी 11 रुग्णांत असे जिवाणू सापडले. प्रतिजैविकांचा मारा चालू असताना हा वेग त्यांच्या पथ्यावर पडतो.

फुप्फुसाची रचनाही फाटाफुटीला हातभार लावते. पावसाळ्यात ओढे भरून एकाच गावच्या वाड्या एकमेकींपासून तुटाव्यात, तसे कफाने तुंबलेले भाग अलग पडतात. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुप्फुसांचे तुकडे अमेरिकी संशोधकांनी तपासले, तेव्हा वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे वंश नांदताना आढळले. प्रतिजैविकांना दाद देण्यातही त्यांच्यात फरक होता. म्हणजे बशीवरचा एकच ठिपका उचलून केलेली औषध-चाचणी उरलेल्यांविषयी खात्रीने काही सांगत नाही.

आपल्याकडे सिस्टिक फायब्रोसिसचे निदान कमी होते. पण श्वासनलिका कायमच्या रुंदावून कफ साचण्याचा आजार, म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिस, आपल्या छातीरोगतज्ज्ञांना चांगलाच परिचित आहे. भारतातल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत या आजाराचे सर्वाधिक आढळलेले कारण जुना क्षयच होता, आणि थुंकीत सर्वाधिक सापडलेला जिवाणू होता स्यूडोमोनास.

या जिवाणूला हुसकावता येते ते तो नवखा असताना. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत पहिल्यांदा संसर्ग आढळताच श्वासावाटे टोब्रामायसिन देण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली. वंशावळ पसरल्यावर औषधांनी त्याची संख्या घटते, पण समूळ उच्चाटन क्वचितच होते. तेव्हा क्षय होऊन गेलेल्या कुणाला महिनोन्‌महिने बेडके पडत असतील, तर जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणू नका. छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि औषध सुरू करण्याआधी थुंकीचे कल्चर करून घ्या.