ओल टिपणारी वाळू

आमच्या मुखेडच्या शिवारात रोहित्राला कुणी रोहित्र म्हणत नाही; ती ‘डीपी’. पुष्कळ डीपींच्या तेलटाकीला एक पारदर्शक बाटली जोडलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. भार वाढला की तेल तापून फुगते आणि आतली हवा बाहेर जाते. तेल निवले की बाहेरची हवा आत येते. येणाऱ्या हवेतली ओल वाटेतच टिपावी म्हणून बाटलीत सिलिका जेलचे दाणे भरतात. नेहमीचे दाणे कोरडे असताना निळे दिसतात, ओल प्यायले की गुलाबी होतात. गुलाबी झालेले दाणे वेळेवर बदलले नाहीत, तर ओल तेलात आणि तेलातून वाइंडिंगच्या कागदात उतरते. कागदातली ओल दुप्पट झाली की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे.

सिलिका हे वाळूच्याच कुळातले द्रव्य. गेली काही दशके संशोधक ती विद्युतरोधकाच्या आतच मिसळत आहेत. ब्रीदरमध्ये जो तिचा गुण, तो तिथे दोष कसा ठरतो, ते इथे सांगायचे आहे.

वीज अडवण्यासाठी केबलभोवती पॉलिथिलीन असते, उपकेंद्रातल्या सीटी-पीटीत इपॉक्सी असते. ही दोन्ही बहुवारिके. उच्च दाबाखाली त्यांच्यातल्या बारीक पोकळ्यांत ठिणग्या पडतात आणि द्रव्य आतून पोखरत नेतात. झाडाला फांद्या फुटाव्यात तशा वाटा पडतात. नॅनोमीटर मापाच्या विद्युतरोधकांची कल्पना टी. जे. लुइस यांनी १९९४ मध्ये मांडली. पुढे प्रयोगांत दिसले, की शंभर भागांत दोन-पाच भाग सिलिकाचे किंवा अ‍ॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण नीट मिसळले, तर ही पोखरण मंदावते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा इपॉक्सीवर काम झाले आहे.

एवढ्याशा भुकटीत एवढे बळ येते ते पृष्ठभागामुळे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १२ नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे कण घेतले, तर एका ग्रॅममधल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग सुमारे २२५ चौरस मीटर भरतो. चिमूटभर भुकटीत दोन गुंठ्यांहून अधिक जमीन! बहुवारिक या साऱ्या जमिनीला चिकटते, म्हणून त्याचा स्वभाव बदलतो. पण या जमिनीवर हायड्रॉक्सिल गट पसरलेले असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. हवेतली वाफ बहुवारिकात हळूहळू झिरपते आणि कणांपाशी येऊन थांबते.

लेस्टर विद्यापीठातल्या झोउ, फोदरगिल आणि रो यांनी हे मोजून पाहिले. नॅनोकण मिसळलेले इपॉक्सी साध्या इपॉक्सीपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त पाणी पिते, असे त्यांना आढळले. जाड कण मिसळलेले मात्र साध्यापेक्षाही कमी पिते. २००८ मध्ये त्यांनी ‘जलकवचा’ची आधीच मांडली गेलेली कल्पना पुढे विकसित केली. प्रत्येक कणाभोवती पाण्याचे घट्ट कवच असते आणि त्याबाहेर सुमारे २५ नॅनोमीटरपर्यंत विरळ ओल पसरते. पावसाळ्यात शेतातली डबकी निरनिराळी असतात तोवर पाणी जागच्या जागी राहते. ती एकमेकांना भेटली की ओघळ वाहू लागतो. तसेच इथे. शेजारच्या कणांची कवचे एकमेकांत शिरली की विद्युतभाराला वाट मिळते. शिवाय पाण्याचा पराविद्युत स्थिरांक ८० च्या आसपास, इपॉक्सीचा ४ च्या आसपास. त्यामुळे ओलसर जागांभोवती विद्युतक्षेत्राचा ताणही असमान होतो.

यावर उपाय आहेत. मिसळण्याआधी भुकटी नीट वाळवायची. सिलेन नावाच्या रसायनांनी कणांचा पृष्ठभाग जलविरोधी करायचा. असे कण बरेच कमी पाणी घेतात. कण गोळा न होता सारखे पसरतील हेही पाहायचे.

मुखेडला बसून मी हे शोधनिबंध वाचतो तेव्हा आधी एकच गोष्ट शोधतो : नमुना कोणत्या हवेत ठेवला होता? वैशाखात आमच्याकडची हवा ओठ फोडते आणि श्रावणात भिंतीला बुरशी येते. पूर दिसतो, हवेतली वाफ दिसत नाही. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटारींसाठी नॅनोकणयुक्त एनॅमलची तार बाजारात आली आहे, आणि सौर पंपांमुळे इन्व्हर्टर आता शेतात पोचला आहे. कोरड्या खोलीत तपासलेल्या नमुन्याचे आकडे आमच्या श्रावणाची हमी देत नाहीत. दमट हवेत, नमुन्याचे वजन वाढायचे थांबेपर्यंत तो ठेवायचा आणि मगच त्यावर दाब द्यायचा. खरेदीच्या कागदावर ही अट एका ओळीत मावते. नापिकीच्या वर्षी मोटार पुन्हा भरून घ्यायचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या वहीत कुठेच मावत नाही.