सागरतीरावरील अभ्यंग

मराठी घरात ‘अभ्यंग’ हा शब्द वर्षातून एकदाच ठळकपणे ऐकू येतो. नरकचतुर्दशीची पहाट असते, पाटावर बसलेल्या मुलाच्या पाठीला आई कोमट तेल चोळीत असते आणि उटण्याचा वास घरभर दरवळत असतो. सूर्य उगवावयाच्या आत स्नान झाले, की तो शब्द पुन्हा वर्षभर कोनाड्यात जाऊन बसतो. हाच शब्द आज केरळच्या समुद्रकाठच्या विश्रामस्थळांच्या दरपत्रकात रोज आढळतो. तेथे त्याचा अवधी मिनिटांत मोजलेला असतो आणि त्याचे मोल खोलीचे भाडे, दोन्ही वेळचे जेवण व वैद्याची तपासणी यांच्यासह एकाच आकड्यात बसविलेले असते. घरातील एक रीत दरपत्रकात कशी गेली, तेथे प्रत्यक्ष काय केले जाते आणि त्यातून माणसाच्या पदरात खरोखर काय पडते, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

अशा उपचारगृहाला हल्ली सर्रास ‘स्पा’ म्हणतात. स्पा हे मुळात बेल्जममधील एका लहानशा गावाचे नाव. तेथील लोहयुक्त झऱ्यांचे पाणी पिण्यासाठी शतकानुशतके रोगी येत राहिले आणि गावाचे विशेषनाम युरोपात अशा सर्वच स्थळांचे सामान्यनाम झाले. ‘पाण्यातून आरोग्य’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण ती मागाहून जुळविलेली व्युत्पत्ती आहे. झऱ्याकडून समुद्राकडे लोकांची पावले वळली ती अठराव्या शतकात. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याने १७५० साली समुद्रजलाच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, आणि ब्रायटनसारखे मच्छीमारांचे गाव पाहता पाहता आरोग्यार्थी श्रीमंतांचे नगर बनले.

याच ब्रायटनला आपल्या देशाचा एक माणूस येऊन पोहोचला. पाटण्यास १७५९ साली जन्मलेला दीन महंमद कंपनीच्या सैन्यात नोकरी करून आयर्लंडला गेला. पुढे लंडनला त्याने १८१० मध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले, ते चालले नाही. मग ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्याने स्नानगृह उघडले आणि वाफेच्या स्नानानंतर अंग चांपून देण्याची आपल्याकडील कला तेथे विकावयास ठेवली. ती इतकी लोकप्रिय झाली, की खुद्द चौथ्या जॉर्ज राजाने त्यास आपला मर्दनवैद्य नेमले. ‘चांपणे’ या क्रियेवरूनच इंग्रजीत ‘शांपू’ हा शब्द गेला. पूर्वी त्याचा अर्थ अंगमर्दन असा होता. केस धुण्याचा अर्थ त्यास नंतर चिकटला. समुद्राची हवा, उष्ण वाफ आणि हिंदी हात यांची सांगड घालणारे स्थळ दोनशे वर्षांपूर्वी एका बिहारी गृहस्थाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर चालविले होते, हे आपण विसरता कामा नये.

राहिली गोष्ट ‘सर्व काही एकाच मोलात’ या व्यवस्थेची. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप दमलेला होता. जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कूदिया येथे, तंबूंचे एक सुट्टीचे गाव वसविले. प्रवास, निवास, भोजन, खेळ या सर्वांचे पैसे आधीच भरावयाचे. मग तेथे असेपर्यंत पैशाचा विचार करावयाचा नाही. पुढे पुढे तर त्या संस्थेच्या गावांत पेयांसाठीही नाणी न वापरता गळ्यातील मणी काढून देण्याची रीत पडली. कल्पना मोठी मार्मिक होती. माणसाला थकविते ते केवळ काम नव्हे. प्रत्येक क्षणी करावा लागणारा हिशेबही त्याला थकवितो, हे तिच्या जनकाने ओळखले होते.

केरळच्या किनाऱ्यावर हे तिन्ही प्रवाह एकत्र आले. त्रिवेंद्रमच्या दक्षिणेस कोवळम येथे मुंबईचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी आखलेले सरकारी विश्रामस्थळ १९७०च्या दशकात उभे राहिले. टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी ती इमारत माडांच्या वर डोके काढीत नाही. आयुर्वेदाची परंपरा तर त्या भूमीत अखंड होतीच. वैद्यरत्न पी. एस. वारियर यांनी १९०२ साली कोट्टक्कल येथे आर्यवैद्यशाळा स्थापून औषधे शास्त्रशुद्ध रीतीने मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा पाया घातला होता. परदेशी प्रवासी आले, त्यांनी ही तैलचिकित्सा पाहिली आणि ती त्यांना आवडली. हळूहळू वैद्याची ओसरी आणि विश्रामस्थळाचे आवार यांच्यातील भिंत पडली.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे वळू. चांगल्या ठिकाणी प्रथम वैद्य नाडी पाहतो, झोप, भूक, रक्तदाब यांची विचारपूस करतो आणि मगच तेलाची निवड करतो. उपचाराची खोली साधी असते. मध्यभागी एकसंध लाकडाची, कडेने खोबण असलेली लांबट द्रोणी असते. अंगावरून ओघळलेले तेल त्या खोबणीतून वाहून भांड्यात जमा होते. पुरुषास पुरुष आणि स्त्रीस स्त्री परिचारक, असा तेथील दंडक आहे. अभ्यंगात पुष्कळदा दोघे परिचारक दोन बाजूंनी एकाच लयीत हात चालवितात. ‘पिळिच्चिल’ म्हणजे पिळणे. यात कोमट तेलात भिजविलेली फडकी अंगावर पिळीत राहतात आणि दुसऱ्या हाताने ते तेल जिरवितात. ‘ञवरकिळी’मध्ये साठीच्या जातीचा तांदूळ दूध आणि चिकण्याच्या मुळांचा काढा यांत शिजवून त्याची पुरचुंडी बांधतात व तिने अंग शेकतात. संस्कृत ग्रंथांतील षष्टिकशालिपिंडस्वेद तो हाच. शिरोधारेत कपाळाच्या वर चार बोटांच्या अंतरावर बुडाशी भोक असलेले भांडे टांगतात आणि वातीवरून उतरणारी तेलाची वा ताकाची अखंड धार भुवयांच्या वरच्या भागावर मंदपणे फिरवितात.

हे तेल म्हणजे बाजारातील तिळेल नव्हे. वनस्पतींचा वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग आणि काढा वा दूध सोळा भाग, असे सामान्य प्रमाण ग्रंथांत दिलेले आहे. पाणी आटेपर्यंत हे सर्व मंद आचेवर ढवळीत बसावे लागते. तेल सिद्ध झाले, की त्यावर फेस येतो; कल्काची वात वळून विस्तवावर धरली असता ती तडतडत नाही. आपल्या बांधाबांधांवर उगवणारी आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेली चिकणा म्हणजेच ‘बला’. तिच्यापासून आणि दुधापासून होणारे क्षीरबला तेल हे केरळीय वैद्यांचे एक प्रमुख आयुध आहे. त्याचे काही प्रकार तर हीच क्रिया शंभराहून अधिक वेळा पुन्हा पुन्हा करून बनवितात.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. केरळात या उपचारांचा परंपरागत काळ म्हणजे कर्कटक मास, अर्थात जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे मुसळधार पावसाचे दिवस. शेतीची कामे मंदावलेली असत, समुद्र खवळलेला असे, घरातील धान्य संपत आलेले असे. त्या सक्तीच्या विसाव्यात लोक तेल लावून घेत, औषधी पेज पीत आणि पुढील वर्षाच्या कष्टांसाठी शरीर सिद्ध करीत. उलट आजच्या प्रवाशाचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. त्याला निळे आकाश हवे असते. शरीराच्या सोयीने ठरलेला काळ अशा रीतीने रजेच्या सोयीने ठरू लागला. ज्यांना खरोखर उपचार हवे आहेत, त्यांनी पावसाळ्यात जावे. गर्दी कमी असते, दरही उतरलेले असतात, आणि खिडकीबाहेर पडणारा पाऊस हे एक औषधच असते.

लाभ किती, याविषयी मात्र तारतम्य हवे. मर्दनाने स्नायूंचा ताठरपणा सैल होतो, कंबरदुखीस काही काळ उतार पडतो आणि मनावरील ताण हलका होतो, इतके आजचे वैद्यकही मान्य करते. ‘शरीरातील विषे बाहेर पडतात’ असे जाहिरातीत लिहिलेले असते, त्यास मात्र समाधानकारक पुरावा नाही. ते काम आपले यकृत आणि मूत्रपिंडे बिनमोल करीतच असतात. ज्वर, त्वचेचा संसर्ग, पायातील शिरेत रक्ताची गाठ, अनावर रक्तदाब अथवा गर्भावस्था असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून द्रोणीवर झोपू नये. वाग्भटानेही कफाच्या विकारांत, अजीर्णात आणि नुकतेच शोधन झालेले असताना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. ‘आज तुम्हांस हा उपचार नको’ असे सांगणारा वैद्य ज्या ठिकाणी असेल, ते ठिकाण विश्वासाचे समजावे.

अशाच एका ठिकाणी मी व माझी पत्नी काही दिवस राहिलो होतो. माझा उजवा खांदा वर्षानुवर्षे फायलींवर वाकून आखडला होता. तिला काहीच होत नव्हते, निदान ती तसे सांगत असे. पहिल्या दिवशी उपचार आटोपून ती बाहेर आली, माडाखालच्या बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, लग्नानंतर माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणी तेल लावल्याचे मला आठवत नाही.” मी हिशेब केला, तेवीस वर्षे होत होती. या काळात तिने मुलांची डोकी माखली, माझ्या आईचे पाय चोळले, प्रत्येक दिवाळीला सर्वांच्या पाठी रगडल्या. तिची पाठ मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. माझ्या तर नाहीच नाही. माझ्या खांद्याला तेथे पुष्कळ आराम पडला. पण त्या एका वाक्याने जे दुखू लागले, त्यावर तेथील दरपत्रकात उपचार नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिने आपल्या परिचारिकेस विचारले, “दिवसभर तू दुसऱ्यांना तेल लावतेस, तुझ्या हातांना कोण लावते?” ती मुलगी हसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “रविवारी घरी जाते, अम्मा. मी आईच्या डोक्याला लावते, आई माझ्या डोक्याला लावते.”

त्या उत्तरात मला या सर्व विषयाचे सार सापडले. एकाच मोलात सर्व काही मिळते, हे खरे; पण त्या मोलात निष्णात हात, सिद्ध तेल आणि निवांत वेळ एवढेच येते. हे थोडे नाही, आणि ते विकत घेण्यात कमीपणाही नाही. आपण ज्यास चैन म्हणतो ती कित्येकदा शरीराची राहून गेलेली बाकी असते. मात्र ज्या हातांनी ती बाकी फेडली जाते, ते हातही थकतात, हे जाणून त्यांना योग्य वेतन, विसावा आणि आदर मिळतो की नाही, हे पाहणे प्रवाशाचे कर्तव्य आहे. आणि ज्यांना समुद्रकिनारा परवडत नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. वाग्भटाने अभ्यंग हा उत्सवाचा नव्हे, तर नित्याचा आचार म्हणून सांगितला आहे. आणि सर्व अंगास न जमले, तरी डोके, कान व तळपाय यांना विशेषेकरून तेल लावावे, असेही त्याने म्हटले आहे. त्यास लागते ती वाटीभर कोमट तेल, अर्धा तास वेळ आणि घरातील दुसरे माणूस.

आमच्या घरी आता रविवारी सकाळी ती वाटी निघते. माझा हात अजून बसलेला नाही. तेल फार सांडते, असे पत्नीचे म्हणणे आहे. पण ती उठून जात नाही.