वॉलपेपरमधला घनवाद

डिझाइन शिकणाऱ्यांना दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. डोळे उघडे ठेवून फिरा. दुकानांच्या पाट्या, एसटीची तिकिटं, दारातली रांगोळी, दिसेल ते टिपा. आणि घनवाद, दादा, बाउहाउस या चळवळींचा इतिहास वाचा. पहिली गोष्ट वहीत राहते, दुसरी परीक्षेच्या पेपरात. ही फाळणीच चुकीची आहे. ज्या चळवळींचा धाक वाटतो, त्यांतल्या कितीतरी रोजच्या वस्तूंकडे नीट पाहण्यातूनच उभ्या राहिल्या. घनवादी चित्रकार जॉर्ज ब्राक हा ल हाव्रमधल्या घरं रंगवणाऱ्या कुटुंबातला. ओल्या रंगातून दातेरी फणी ओढून लाकडाच्या रेषा उठवायचं रंगाऱ्याचं कसब त्याच्या हातात होतं आणि ते त्यानं थेट चित्रात आणलं. १९१२ साली आविन्योंच्या एका दुकानात त्याला लाकडाची नक्कल छापलेला वॉलपेपर दिसला. तो कापून त्यानं कोळशाच्या रेखाटनात चिकटवला. त्याच वर्षी पिकासोनं खुर्चीची वेताची वीण छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर डकवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड लावला. ब्राकच्या चित्रात तो वॉलपेपर लाकूडही होता आणि कागदही. खरं काय आणि भास कोणता, हा प्रश्न घरसजावटीच्या मालातून निघाला. पुढे १९१९मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरला कुर्ट श्विटर्स या कलावंतानं ट्रामची तिकिटं, चिंध्या, फाटके कागद जोडून चित्रं केली. त्यांना त्यानं दिलेलं ‘मेर्झ’ हे नावही एका बँकेच्या छापील नावातून कापलेला तुकडा.

मग इतिहास हवाच कशाला, नुसतं पाहणं पुरे, असं कोणी म्हणेल. पण नुसता डोळा सवयीचंच पाहतो. हजार फोटो काढूनही हाती फक्त रंगीबेरंगीपणा लागतो, कारण पाहणाऱ्यापाशी प्रश्न नसतो. तो प्रश्न चळवळी देतात, मात्र त्यांच्याकडे शैली म्हणून पाहिलं की तो हरवतो. डच डिझाइनर रीटफेल्डची लाल-निळी खुर्ची घ्या. तिचे रंग उचलून आजही पोस्टर आणि कपबशा निघतात. मुळात १९१८च्या सुमारास ती बनली तेव्हा तिला हे रंग नव्हतेच. ते काही वर्षांनी आले. यंत्रावर कापलेल्या ठरावीक मापाच्या पट्ट्यांतून, सहज जोडता येईल अशी खुर्ची कशी करावी, हा तिचा विचार होता. रंग उचलणारा नेमकी मागाहून आलेली गोष्ट उचलतो.

हे सगळं युरोपचं, आपल्याला त्याचं काय, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पण १९२२ साली बाउहाउसच्या कलावंतांची चित्रं कलकत्त्यात भारतीय चित्रकारांच्या कामासोबत मांडली गेली होती. भारत सरकारसाठी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्यानं १९५८मध्ये लिहिलेला अहवाल तर साध्या लोट्यापाशी येऊन थांबला. त्यात पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कसा राहतो, आत गरम काही असलं तर हातात धरता येतो का, आपटला तर कसा वाजतो, अशा प्रश्नांची त्यांनी रांग लावली. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. हेच प्रश्न दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीला विचारता येतील. पट्टी न लावता, वाकून, चिमटीतून सुटणाऱ्या पुडीनं ठिपक्यांमधलं अंतर सारखं कसं राहतं? रेघ ठिपक्याला छेदते की वळसा घालते? आणि उंबऱ्यापुढे जागा अरुंद असली, तर आधी काय कमी होतं, ठिपके की त्यांच्यामधलं अंतर?