बोरघाट खुला करणारा गव्हर्नर

खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेल्या तळ्याच्या कांठीं उभें राहिलें, म्हणजे समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्या अंगावरून वर चढत गेलेला बोरघाट दिसतो. कर्जत-खालापुराकडील मुलांना इतिहास शिकवितांना मी पुष्कळदां ह्या घाटाकडेच बोट दाखवीत असें. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हा गाडीरस्ता कोणी खुला केला?" मीं नांव सांगितलें, पण जीभ अंमळ अडखळली. कारण त्याच गृहस्थानें त्यापूर्वीं बारा वर्षें आपल्या श्रीमंतांना राज्यावर पाणी सोडावयास लावलें होतें.

जॉन माल्कम हा स्कॉटलंडांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. भावंडें सतरा. पोट भरावयाचें म्हणून 1783 सालीं, सुमारें चौदा वर्षांच्या वयांत, तो कंपनीच्या लष्करांत मद्रासेस आला. पुढें तो फारशी शिकला, आणि तीच त्याची शिडी झाली. इराणच्या दरबारीं तो तीन वेळां वकील म्हणून गेला व त्या देशाचा इतिहासहि त्यानें लिहिला. 21 डिसेंबर 1817 रोजीं महिदपुरास होळकरांच्या फौजेचा मोड झाला, त्या लढाईंतहि तो होता.

3 जून 1818 रोजीं अशीरगडानजीक दुसरे बाजीराव त्याच्या स्वाधीन झाले. पेशवेपद आणि दक्षिण सोडावी, मोबदला सालिना आठ लाखांचा तनखा. कलकत्त्यास गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज ह्यांस ही रक्कम भारी वाटली. पण गड जवळ, पावसाळा तोंडावर. लढाई लांबती तर खर्च किती झाला असता? मला तर सौदा कंपनीस स्वस्तच पडला असें वाटतें. श्रीमंत मात्र ब्रह्मावर्तीं 1851 पर्यंत जगले आणि तनख्याची बेरीज अडीच कोटींच्या वर गेली!

इतकें करून मुंबईची गव्हर्नरी 1819 मध्यें मिळाली ती एल्फिन्स्टनला, वयानें दहा वर्षांनीं लहान असलेल्या मनुष्याला. माल्कमच्या हें मनास फार लागलें. त्याची पाळी आली 1827 च्या नोव्हेंबरांत. आल्याबरोबर मुंबईच्या सुप्रीम कोर्टाशीं भांडण जुंपलें. मोरो रघुनाथ नांवाचा पुण्याचा मुलगा आप्तांच्या ताब्यांत होता. त्याला मुंबईस हजर करा, असा कोर्टाचा हुकूम. पुण्याच्या घरांत मुंबईच्या कोर्टाचा हात पोंचूं देणार नाहीं, असें सरकारनें म्हटलें. न्यायमूर्ति ग्रँट ह्यांनीं रागानें कोर्टच बंद ठेवलें! विलायतेंत निकाल सरकारसारखा लागला.

आतां घाट. पूर्वीं चढण इतकी उभी कीं माणसांनीं पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं जावें, माल बैलाच्या पाठीवर. 10 नोव्हेंबर 1830 रोजीं, काम पुरतें झालेलें नसतांहि, माल्कम मंडळींसह घोड्यांच्या गाड्यांतून घाट उतरला. कोंकण व देश ह्यांमधील भिंत फुटली, असा त्याचा अभिप्राय. पुढच्याच महिन्यांत त्यानें मुंबई सोडली आणि 1833 मध्यें तो वारला. आगगाडी घाट चढली ती 1863 सालीं.

त्याच 1830 सालचा घाटांतील पूल पुढें, वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळें, अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेला. 2020 च्या एप्रिलांत, द्रुतगति-मार्गास अडचण होते म्हणून, तो सुरुंगांनीं उडविला. त्या दिवशीं तोच विद्यार्थी, आतां दोन मुलांचा बाप, दूरध्वनीवर म्हणाला, "गुरुजी, तुमच्या माल्कमचा पूल गेला."

"माझा कसला रे तो?" असें मी म्हणालों खरा.