छातीवर कोण बसतं?

आजचं निरूपण झोपेचं आहे. हसू नका, कीर्तनात झोपणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही! पण गावोगाव सेवा झाली की मंडळी पाया पडायला येतात आणि हळूच एक गोष्ट विचारतात. ‘महाराज, एकच स्वप्न परत परत पडतं, काय करू?’ कुणी म्हणतं, ‘रात्री जाग येते, डोळे उघडे असतात, पण हात हलत नाही, ओरडायला जावं तर तोंडातून शब्द फुटत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसलेलं असतं.’ हे सांगताना आवाज खाली जातो. विचारणाऱ्याला वाटतं, हे फक्त आपल्यालाच होतं.

तसं नाही. हे फार जणांना होतं. जपानात या प्रकाराला ‘कानाशिबारी’ म्हणतात, म्हणजे लोखंडानं जखडल्यासारखं होणं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लोक म्हणतात, म्हातारी चेटकीण येऊन छातीवर बसते. आपल्याकडे कुणी मुंज्या म्हणतो, कुणी हडळ म्हणतो. आता बघा, मुंज्या काही जपानला जात नाही आणि ती म्हातारी काही आपल्या पिंपळावर येत नाही. अनुभव सगळीकडे एक, नाव ज्याच्या त्याच्या गावचं. मग हा अनुभव भुताचा की देहाचा?

देहाचाच. कसा, ते ऐका. रात्रीची झोप एकसारखी नसते, तिच्या पाळ्या असतात. एक पाळी साधारण नव्वद मिनिटांची, अशा रात्रीतून चार-पाच. प्रत्येक पाळीत आधी झोप खोल जाते, मग वर येते, आणि शेवटी अशी वेळ येते की मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. शिकागोच्या दोन संशोधकांनी, असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी, १९५३ साली हे जगापुढे मांडलं. ठळक, लांबलचक स्वप्नं बहुतेक याच वेळात पडतात. आणि भगवंताची योजना काय, त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो. डोळे फिरतात, श्वास चालतो, बाकी देह पडून. का? अहो, स्वप्नात वाघ मागे लागला आणि तुम्ही खरंच पळत सुटलात तर धर्मशाळेत शेजारी झोपलेल्याचं काय होईल!

कधी कधी मात्र गडबड होते. मन जागं होतं आणि देहाची ती सैल अवस्था अजून सुटलेली नसते. डोळे उघडे, खोली दिसते, पण बोट हलत नाही. छातीचे स्नायूही ढिले असतात, खोल श्वास घ्यायला जावं तर येत नाही, म्हणून वजन ठेवल्यासारखं वाटतं. अर्धं स्वप्न अजून डोळ्यांत असतं, ते कोपऱ्यातल्या सावलीला माणूस करतं. काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटं, आणि सुटतं. झोप अपुरी असली, वेळ बिघडली, माणूस उताणा झोपला की हे जास्त होतं. वारीत पहाटे तीनला उठून चालणाऱ्यांना हे का होतं, ते आता वेगळं सांगायला नको.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, त्याचंही इथेच कळतं. खोल झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, स्वप्नाचा वेळ पहाटेकडे वाढत जातो. त्यातूनच जाग येते, म्हणून ते स्वप्न लक्षात राहतं. मध्यरात्रीची विसरून गेलेली असतात, बिचारी.

आता परत परत पडणारं स्वप्न. कुणाला चाळीस वर्षांनी दहावीचा पेपर दिसतो आणि एकही उत्तर येत नाही. कुणाची एसटी सुटते. आपल्या वारकऱ्यांचं तर ठरलेलं: दिंडी पुढे निघून गेली आणि मी चंद्रभागेच्या वाळवंटात एक चप्पल शोधतोय! मनात जे मिटलेलं नसतं, ते रात्री पुन्हा दार वाजवतं. ताण वाढला की वाजवणंही वाढतं.

एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगत नाही. वडील दवाखान्यात होते, पाणी द्यायचं नाही असं बजावलेलं. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, यानं दिलं नाही. त्याच रात्री वडील गेले. तेव्हापासून वडील स्वप्नात यायचे आणि म्हणायचे, पाणी दे. गावातल्या एका ‘जाणत्या’नं सांगितलं, बाप अतृप्त आहे, विधी करावा लागेल. पहिला विधी, दुसरा विधी. बैलजोडी विकली, माउली! स्वप्न थांबलं नाही. थांबेल कसं? तहान बापाला नव्हती, पोराच्या काळजाला होती.

मी त्याला म्हटलं, पितृपक्षात तुझ्या घरच्या रीतीनं श्राद्ध कर, पण कर्ज काढून करू नको. आणि रोज झोपण्याआधी डोळे मिटून तेच स्वप्न मनात आण, फक्त शेवट बदल. तांब्या भरून घे, वडिलांच्या ओठाला लाव, ते पितात ते बघ. मग नाम घे आणि झोप. ही काही माझी विद्या नाही. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर डॉक्टर लोकही जागेपणी शेवट बदलून त्याची उजळणी करायला सांगतात. पुढच्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, ‘वडील येतात अजून, पण आता बोलत बसतात.’

कुणी म्हणेल, महाराज, मग संतांची स्वप्नं? तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नातच मंत्र दिला. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले. बहिणाबाईंना तर तुकोबांचं दर्शन न होताच, कोल्हापुरात स्वप्नात अनुग्रह झाला. हे मी मानतो, शंभर वेळा मानतो. पण त्या स्वप्नांतून निघालं काय ते बघा. नाम निघालं, अभंग निघाले. बाबाजींनी जेवायला पावशेर तूप मागितलं होतं, तेही तुकोबा स्वप्नातच विसरले! त्यासाठी कुणी त्यांच्याकडून पैसे उकळले नाहीत. ज्या स्वप्नाचा अर्थ सांगणारा आधी खिशाकडे बघतो, तिथून उठून यावं.

आणि एक गोष्ट मला फार टोचते. नवी सून झोपेत ओरडते, दचकून उठते, तर घरचे म्हणतात हिला बाहेरचं लागलंय. तिला उपाशी ठेवतात, धूर देतात, मारतात. अहो, माहेर सुटलेलं, झोप अपुरी, मनात धास्ती. ती ओरडणार नाही तर काय करील? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, लेकराला मारून कोणता देव पावणार?

मांडूक्य उपनिषद बाराच मंत्रांचं आहे. जागृती, स्वप्न, सुषुप्ती, आणि या तिन्हींना पाहणारी तुर्या, असं ते सांगतं. स्वप्न आलं आणि गेलं, पाहणारा तुम्ही राहिलात. भीती वाटली तर एवढं आठवा.

पण काही गोष्टींत नुसतं नाम घेऊन बसू नका, डॉक्टरकडे जा. घोरता घोरता श्वास अडकत असेल. साठीच्या पुढचा माणूस झोपेत खरोखर हातपाय झाडत असेल, शेजारच्याला लागत असेल. दिवसा बोलता बोलता डुलकी लागत असेल. किंवा त्याच त्या स्वप्नाच्या धास्तीनं झोपायचीच भीती वाटत असेल.

दिंडीत कुणी झोपेत चालायला लागलं तर हलवून, ओरडून जागं करू नका. खांदा धरून हळूच अंथरुणाकडे आणा. असा माणूस, विशेषतः लहान पोर, तंबूच्या दाराशी किंवा रस्त्याच्या कडेला झोपवू नका, मध्ये घ्या. आणि शेजारचा जखडल्यासारखा पडलाय, डोळे उघडे आहेत, घशातून घरघर येतेय असं दिसलं तर त्याच्या हाताला हात लावा, नावानं हाक मारा. तेवढ्यानं बहुतेक सुटतो. मग त्याला कुशीवर वळवा, घोटभर पाणी द्या आणि तुम्हीही झोपा, पहाटे काकडा आहे.